नाताळच्या तबकड्या आणि आपली दत्तजयंती

मार्गशीर्ष लागला, की माहूरगडाच्या वाटा जाग्या होतात. ज्या महिन्यास भगवंतांनी गीतेत आपली विभूती म्हणून गौरविले, त्याच महिन्याच्या पौर्णिमेस सायंकाळी दत्तजन्माचा पाळणा हलतो. नांदेड-लातूरकडील घराघरांतून गुरुचरित्राची पारायणे चालतात, देवळांतून सप्ताह बसतात आणि जन्मकाळी गुलाल-फुले उधळली जातात. बहुधा याच सुमारास ख्रिस्ती बांधवांचा नाताळही येतो. या दोन सणांच्या सांध्यावर आम्हांस एक गोष्ट वाचकांपुढे मांडावयाची आहे. ती आहे माळ्यावर पडलेल्या जुन्या तबकड्यांविषयी. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण ज्या प्रसंगाने तो आमच्या मनात रुजला, तो प्रसंग क्षुल्लक नव्हता.

गेल्या वर्षी कीर्तनानिमित्त लातुरास मुक्काम होता. सकाळी देवदर्शनास निघालो असता एका भंगाराच्या दुकानापुढे, फुटकी घमेली आणि रद्दीचे गठ्ठे यांच्या शेजारी तबकड्यांची चळत दिसली. सर्वांत वरची तबकडी दत्तगीतांची, आवाज आर. एन. पराडकरांचा. वेष्टनाच्या कोपऱ्यात निळ्या शाईने, वळणदार अक्षरांत लिहिले होते : “दत्तजयंतीस लावणे. एरवी हात लावू नये.” आम्ही तिथेच थबकलो. कुणाच्या घरच्या म्हणून विचारले, तर दुकानदार म्हणाला, “वाडा विकला महाराज, पोरं पुण्याला गेली. किलोच्या भावानं आल्यात.” त्याच भावाने आम्ही ती चळत विकत घेतली. ज्या माउलीने ते अक्षर लिहिले, तिच्या भक्तीचे असे वजन झालेले पाहून मन दिवसभर खिन्न राहिले.

येथे एक कबुली दिली पाहिजे. या तबकड्यांचे आम्ही मुळीच कैवारी नव्हतो. आमचे वडील जुन्या वळणाचे कीर्तनकार. श्रोत्याचा चेहरा पाहून कथा फुलते, यंत्राला श्रोता दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे. पंचविशीत आम्ही स्वतः गादीवर उभे राहू लागलो आणि पूर्वरंगात सर्रास तबकड्यांची व कॅसेटांची थट्टा करू लागलो. “यंत्राने आरती म्हणायची, तर प्रसादही यंत्रालाच द्या,” असे म्हटले, की मंडप हसत असे. एकदा कीर्तन संपल्यावर एक वृद्धा बुक्का लावून घेण्यास पुढे आली आणि हळूच म्हणाली, “बुवा, तुम्ही वर्षातून एकदा येता. गुडघ्यांनी मला देवळाची पायरी चढवत नाही. उरलेले दिवस मी काय ऐकावं?” मीमांसक शब्दाला नित्य मानतात आणि नैयायिक अनित्य, हा वाद आम्ही पंडितांच्या सभेत तासन्‌तास केला आहे. त्या बाईच्या साध्या प्रश्नाला मात्र आम्हांपाशी उत्तर नव्हते.

उत्तर पुढे सावकाश उमगत गेले. उंबरठ्याबाहेर सहसा न पडणाऱ्या स्त्रियांच्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या कानी संतांची वाणी नेण्याचे काम या काळ्या चकत्यांनी केले आहे. प्रारंभीच्या तबकड्या लाखेच्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या आणि एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजणाऱ्या. तेवढ्यात अभंग बसवायचा, म्हणजे गायकाला एक तानही वाया घालवता येत नसे. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. मग भजनाला ऐसपैस बैठक लाभली. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ ५६ गीतांनी घराघरांत पोचले. पुढे ते फडके यांच्या आवाजात तबकड्यांवर आले, तेव्हा रामनवमीला ते लावण्याचा प्रघातच कित्येक घरांत पडला. औदुंबरचे कवी सुधांशु यांची दत्तगीते पराडकरांनी गायिली. श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले तुकोबांचे अभंग लताबाईंच्या कंठातून आले, पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगांनी तर आषाढी दुमदुमली. मंगेशकर भावंडांच्या आरत्यांवाचून गणेशोत्सवाची सकाळ आजही अपुरी वाटते. पुढे कॅसेटांवर आणि सीडींवर अजित कडकडे यांच्या दत्तगीतांनी नव्या पिढीला पालखीची गोडी लावली.

आता नाताळकडे वळू. पाश्चात्त्य देशांतील अनेक कुटुंबांत डिसेंबर उजाडला, की नाताळगीतांच्या तबकड्या आणि सीडी पेटीतून बाहेर काढतात, महिनाभर ऐकतात आणि सण सरला, की पुसून पुन्हा ठेवून देतात. कुणापाशी आजोबांच्या काळची तबकडी असते, कुणी दरसाल एक नवी जोडतो. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या लहानशा गावच्या चर्चमध्ये योझेफ मोर या पाद्र्याचे शब्द आणि फ्रान्झ ग्रूबर या शिक्षकाची चाल यांतून ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम गायिले गेले; ते आज जगभर या दिवसांत ऐकू येते. बिंग क्रॉस्बी यांनी १९४२ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ हे जगात सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांत अग्रणी मानतात, आणि ते रचणारे अर्विंग बर्लिन हे ज्यू होते. सणाच्या गाण्याने धर्माची वेस अशी सहज ओलांडली. सीडी १९८२ साली बाजारात आली, तेव्हा काळ्या तबकडीचे दिवस सरले असे पुष्कळांना वाटले. परंतु २०२२ साली अमेरिकेत सीडींहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या.

यांतून घेण्याजोगे आम्हांस दिसते ते काळाचे भान. जे गीत वर्षभर दुकानातून, रिक्षातून आणि दूरध्वनीच्या घंटीतून वाजत राहते, ते सणाच्या दिवशी कानांना शिळे लागते. जे अकरा महिने राखून ठेवले, ते बाराव्या महिन्यात प्रसादासारखे वाटते. “एरवी हात लावू नये” असे लिहिणाऱ्या त्या लातूरच्या माउलीला हे मर्म कुणी शिकविले नव्हते.

परक्यांकडून शिकावे काय, अशी शंका कुणी काढील. त्यांस एवढेच सांगणे, की देवघेव जुनीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी येशूची भक्ती त्यांनी अभंगांतूनच आळविली. मराठी ख्रिस्ती मंडळींत भजन आणि कीर्तन रुजले. इकडे नांदेडकरांना तर हे सांगावयासच नको. गोदाकाठच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात ज्या गुरू ग्रंथसाहिबाचे कीर्तन चालते, त्यात आमच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. भक्तीला परके घर नसते.

तरीही वडिलांचे म्हणणे आम्ही सोडलेले नाही. तबकडी ही टेकण्याची काठी आहे, चालायचे पायांनीच. हे आम्हांस शिकविले किल्लारीने. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेशविसर्जन करून गावे नुकती निजली होती. त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. पुढल्या वर्षी तिकडच्या एका वस्तीत, पत्र्याच्या निवाऱ्यात गणपती बसला, तेव्हा आम्ही कीर्तनास गेलो होतो. आरतीची वेळ झाली, पण आरती उचलणारे जाणते कंठ उरले नव्हते. अखेर एका पोराने टेप लावला. पहिल्या कडव्याला सगळे गप्प उभे होते. दुसऱ्या कडव्याला मागून एका बाईचा आवाज त्यात मिसळला, मग आणखी चौघांचा. अखेरच्या आरतीपर्यंत टेपचा आवाज कुणाला ऐकूच येईना. आम्ही कीर्तनकार, पण त्या रात्री यंत्राला मनोमन नमस्कार केला. त्याने त्या माणसांना त्यांचाच आवाज परत दिला होता.

म्हणून या दत्तजयंतीस आमची वाचकांस विनंती आहे. माळ्यावरची पेटी खाली काढा. तबकड्या आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, कारण आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली रचलेल्या तबकड्या वाकल्यावाचून राहत नाहीत. मऊ, कोरड्या फडक्याने खाचांच्या वळणानेच हलकेच पुसा. झिजलेली सुई वापरू नका. ती खाच कायमची खरवडते. सीडी मात्र मधून कडेकडे सरळ पुसावी आणि तिच्या छापील बाजूसही जपावे, कारण नादाचा थर त्या बाजूलाच लगटून असतो. घरी वाजविण्याचे यंत्र नसेल, तर जाणत्याकडून त्यातील गीते संगणकावर उतरवून घ्या. मूळ तबकडी मात्र टाकू नका. तिच्या वेष्टनावर आजीचे अक्षर असेल, ते संगणकात उतरत नाही. आणि हे अगदीच जमत नसेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गावच्या ग्रंथालयात किंवा देवळात एकवार विचारा.

जतनाची ही रीत आपल्याला नवी नाही. अंबाजोगाईचे दत्तभक्त दासोपंत यांनी सोळाव्या शतकात सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर आपली ‘पासोडी’ लिहिली. ते कापड पिढ्यांनी जपले, म्हणून आज दासोपंतांचे अक्षर आपण पाहू शकतो. एका वस्त्रासाठी जे झाले, ते एका काळ्या चकतीसाठी होऊ नये काय?

भंगारातून आणलेली ती तबकडी आता आमच्या देवघराशेजारी आहे. पौर्णिमेस, जन्मकाळापूर्वी, ती एकदाच लावणार आहोत. थोडी खरखरते. पण नातवंडे भोवती बसतील आणि ती थांबली, की पाळणा आम्ही सर्वांनी मिळून, आपल्या तोंडाने म्हणू.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!