गिझर नवा, सरासरी जुनी

बिदर शहर पठाराच्या कडेवर वसलेले आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथील पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो आणि कर्नाटकातील सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत बिदरचे नाव हमखास येते. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागांत मराठी ही घरची आणि कन्नड ही कचेरीची भाषा आहे. तेथील घरांत दर हिवाळ्यात एक प्रश्न निघतो. दहा-बारा वर्षांचा गिझर बदलून पंचतारांकित गिझर घ्यावा का? दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. हिशेब मात्र तेवढा सरळ नाही, कारण या दोन जिल्ह्यांत तो विजेच्या उपकरणाइतकाच सरकारी नियमावर अवलंबून आहे.

कर्नाटक सरकारच्या ‘गृहज्योती’ योजनेचा प्रारंभ ५ ऑगस्ट २०२३ रोजी कलबुर्गी येथेच झाला. ‘महिन्याला २०० युनिट मोफत’ अशी तिची ओळख झाली असली, तरी प्रत्येक घराला २०० युनिट मिळत नाहीत. २०२२-२३ या वर्षातील त्या घराचा सरासरी मासिक वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढाच त्या घराचा हक्क. नव्या घरांसाठी राज्याची सरासरी ५३ युनिट धरून ५८ युनिट ठरवण्यात आले, तर अगदी कमी वापर असलेल्या घरांना जानेवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट वाढवून देण्यात आले. हक्कापेक्षा जास्त पण २०० च्या आत वापर झाला, तर फरकाचे पैसे भरायचे. २०० ची रेषा ओलांडली, तर सगळेच बिल भरायचे.

या सूत्रातील खोच ‘वार्षिक सरासरी’ या शब्दांत आहे. पाणी तापवण्याचा खर्च वर्षभर सारखा नसतो. उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले पाणीच अंगाला चटका देते. गिझर खरा चालतो तो थंडीच्या तीन-साडेतीन महिन्यांत. सरासरी काढताना हा हिवाळी वापर बारा महिन्यांत विरघळून जातो, आणि हक्क ठरतो तो कोणत्याच महिन्याला नेमका न बसणारा.

उदाहरण घेऊ. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी २० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायचे, तर दिवसाला सुमारे सव्वादोन ते अडीच युनिट लागतात, म्हणजे महिन्याला साधारण ७०. ज्या घराची जुनी सरासरी १६५ होती, त्याचा हक्क झाला १८१. हिवाळ्यात गिझर थोडा अधिक वेळ चालू राहिला आणि मीटरने २०५ दाखवले, तर वरच्या २४ युनिटांचे नव्हे, २०५ युनिटांचे बिल येते. सहा रुपयांच्या आसपासचा दर धरला, तरी स्थिर आकाराखेरीज बाराशे रुपये झाले. जेमतेम पाच युनिटांपायी! अशा घराला चांगला गिझर खरोखर उपयोगी पडू शकतो.

पण चांगला म्हणजे कसा? गिझरवरील ताऱ्यांविषयी मोठा गैरसमज आहे. विजेचा कोणताही गिझर, जुना असो वा नवा, घेतलेल्या विजेचे जवळजवळ पूर्ण उष्णतेत रूपांतर करतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज लागणारच, मग त्यावर एक तारा असो की पाच. तारे मोजतात ते तापलेले पाणी टाकीत नुसते उभे असताना चोवीस तासांत किती उष्णता निसटते ते. ही सगळी करामत टाकीभोवतालच्या आवरणाची. म्हणून जे घर आंघोळीआधी बटण दाबते आणि आंघोळ होताच बंद करते, त्याला पंचतारांकित गिझर फारसे काही वाचवून देत नाही. जेथे बटण दिवसभर चालू असते, एकत्र कुटुंब असते, माणसे वेगवेगळ्या वेळी न्हातात, तेथे मात्र फरक पडतो. आवरण खचलेल्या टाकीतून रोज एक युनिट वाया जाते असे धरले, तर महिन्याला तीस युनिट झाले. वरच्या उदाहरणातील घराला २०० च्या अलीकडे आणायला तेवढे पुरेसे आहे. पारख सोपी आहे. पाणी तापून बराच वेळ झालेल्या गिझरच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावावा; तो कोमट लागला, तर पैसे तेथूनच झिरपत आहेत.

या भागाची आणखी एक अडचण जमिनीतून येते. कलबुर्गीच्या शहाबाद, सेडम, चित्तापूर पट्ट्यात चुनखडीचा दगड आहे. शहाबादी फरशी आणि सिमेंटचे कारखाने त्याच्याच जिवावर उभे राहिले. तोच चुना बोअरच्या पाण्यात उतरतो आणि गिझरच्या कांडीवर पांढरी पुटे चढतात. या थराने वीज फारशी वाया जात नाही, कारण कांडी पाण्यातच असते. पण ती आतून अतितप्त होऊन जळते आणि टाकीची जागा घटते. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची दांडीही झिजून जाते, आणि ती वेळेवर बदलणारे घर विरळाच. पुष्कळदा ‘गिझर जुना झाला’ याचा अर्थ एवढाच असतो की कांडी आणि दांडी बदलायची राहिली आहे. खेड्यांतील कमी दाबाच्या विजेचाही दोष गिझरच्या माथी मारला जातो. २३० व्होल्टला दोन किलोवॉट खेचणारी कांडी १८० व्होल्टला जेमतेम सव्वा किलोवॉट खेचते. पाणी तापायला वेळ लागतो तो म्हणून. नवा गिझर आणला तरी हा वेळ कमी होत नाही.

गावांतील चित्र निराळे आहे. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. तेथील तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीची रास होते ऐन थंडीत, आणि त्यानंतर घरोघरी तुऱ्हाट्यांचे भारे रचलेले दिसतात. चुलीवरचे पातेले किंवा तांब्याचा बंब त्यावरच तापतो. (गोव्यातील वाचकांना न्हाणीतले भाण आठवेल, तेथे जळण नारळाच्या झावळ्या आणि करवंट्यांचे, एवढाच फरक.) या घरांनी २०२२-२३ मध्ये पाण्यासाठी वीज जाळलीच नाही, म्हणून त्यांची सरासरी कमी आणि हक्कही कमी. आता सून म्हणते, पहाटे धूर नको, आणि तिचे म्हणणे रास्त आहे. पण या घरात गिझर आला की हिवाळ्यातील त्याचे जवळजवळ प्रत्येक युनिट पैसे मोजून घ्यावे लागते. उलट ज्यांच्याकडे आधीपासून दोन-दोन गिझर होते, त्यांच्या हक्कात ते मोजले गेलेच आहेत. कमी वापरणाऱ्याला कमी आणि जास्त वापरणाऱ्याला जास्त, असे हे वाटप आहे.

सीमेपलीकडे उदगीर, निलंगा, उमरगा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तालुके वाटले गेले, नातीगोती राहिली. बहीण उदगीरला आणि भाऊ भालकीला, दोघांकडे एकाच बनावटीचा गिझर, असे सहज घडते. महाराष्ट्रात शंभर युनिटांनंतर दर जवळजवळ दुप्पट होतो, पण तो फक्त वरच्या युनिटांना लागतो. त्यामुळे बहिणीला वाचवलेल्या प्रत्येक युनिटाचा मोबदला मिळतो. भावाचा वापर हक्काच्या आत असेल, तर वाचवलेल्या युनिटाचे त्याला शून्य रुपये मिळतात.

सौर बंबाची कोंडी हीच आहे. कर्नाटकाने सौर ऊर्जेवर पाणी तापवण्याला देशात फार लवकर उत्तेजन दिले. तो बसवणाऱ्या घराला वीजबिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला कमाल ५० रुपये सवलत अनेक वर्षे होती. बिलच शून्य झाले, तर सवलत कशातून वजा करायची? हवेतील उष्णता ओढून घेणारा उष्मा-पंप एका युनिटात तीन युनिटांचे काम करतो, पण त्याची किंमत साध्या गिझरच्या कितीतरी पट आहे, आणि मोफत युनिट वाचवण्यासाठी ती कोण मोजणार? गॅस गिझरने वीज वाचते; तथापि १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते, त्यातली पाचवा हिस्सा वाया जाते, आणि सिलिंडर नऊशेच्या घरात धरला तर खर्च विजेइतकाच पडतो. शिवाय बंद न्हाणीघरात तो लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मोफत युनिटांची रक्कम सरकार वीज कंपन्यांना भरते. या भागात ती कलबुर्गीस्थित ‘जेस्कॉम’ला मिळते. म्हणजे भालकीच्या खचलेल्या टाकीतून रात्रभर निसटणारी उष्णताही सरकारी तिजोरीतून जाते. त्याच पैशाचा काही भाग सौर बंबासाठी एकरकमी अनुदान म्हणून देता येईल, आणि बदल्यात त्या घराचा हक्क काही युनिटांनी कमी करता येईल. वर्षभराचा हक्क महिन्यांत बांधून न ठेवता, उन्हाळ्यात उरलेले युनिट हिवाळ्यात वापरू देणे तर त्याहून सोपे; मीटरही तोच आणि खर्चाची वार्षिक मर्यादाही तीच. तोपर्यंत सीमाभागातील ग्राहकाने गिझरवरचे तारे पाहण्याआधी स्वतःच्या बिलावरील हक्काचा आकडा पाहिलेला बरा.