दुरुस्त करावें कीं मोडींत काढावें?

जुनी वस्तु टाकून देणें हें आपल्या घरांतून उधळेपणाचें लक्षण मानलें जातें, आणि तें योग्यच आहे. वडील भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर गेला, आजीच्या लुगड्याची गोधडी झाली, गळक्या बादलीला डाख लागला. अशा काटकसरीवरच कित्येक संसार नीट चालले. परंतु ज्या वस्तूच्या भरंवशावर माणूस आपला जीव वाऱ्याच्या स्वाधीन करितो, तिलाही हाच न्याय लावावा काय, असा प्रश्न आमच्या एका वाचकांनीं विचारला आहे. त्यांच्या थोरल्या पुतण्याचें काइटसर्फिंगचें सामान बरींच वर्षें माळ्यावर पडून आहे. धाकटा आतां गोव्यांत मोरजीच्या किनाऱ्यावर हा खेळ शिकूं पाहतो. नवें सामान महाग. मग जुन्याचीच डागडुजी करून त्यास द्यावें कीं कसें?

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. खेळाडू पायांखालीं फळी घेतो, कमरेस हार्नेस नांवाचा रुंद पट्टा बांधतो, आणि सुमारें वीस ते पंचवीस मीटर लांबीच्या चार किंवा पांच दोऱ्यांनीं जोडलेला मोठा पतंग त्यास पाण्यावरून ओढून नेतो. पतंगाची पुढची कड व फांसळ्या हवा भरून फुगविलेल्या असतात. त्यामुळें तो पाण्यांत पडला तरी बुडत नाहीं व पुन्हां उडवितां येतो. फ्रान्समधील लगेन्यू बंधूंनीं या रचनेचें पेटंट १९८४ मध्यें मिळविण्यास अर्ज केला होता. दोऱ्या हातांतील आडव्या दांडीस जोडलेल्या असतात. तिला बार म्हणतात.

सामान्यतः लोक विचारतात, 'वस्तु किती झिजली?' आमच्या मतें त्याआधीं विचारावें, 'ती ऐन वेळीं दगा देईल तर काय होईल?' याचें उत्तर मिळालें म्हणजे सामानाची वांटणी आपोआप होते.

कांहीं दोष असे कीं ते किनाऱ्यावरच उघडकीस येतात व दुरुस्तही होतात. कडेच्या आंतील हवेची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, गळत असेल तर पतंग रात्रभर फुगवून ठेवावा. सकाळीं तो मऊ पडलेला दिसेल. साबणाच्या पाण्यानें बुडबुडे पाहून भोंक शोधावें व ठिगळ लावावें. पिशवी अगदींच गेली असेल तर नवी घालतां येते. कापडास लहानशी चीर असेल तर दोहों बाजूंनीं चिकटपट्टी पुरते. मोठी चीर शिडें शिवणाऱ्या कारागिराकडे द्यावी. फळीचे पंख व पायांचे पट्टे बदलतां येतात. येथें काटकसर अवश्य करावी.

परंतु कापडच जीर्ण असेल तर गोष्ट निराळी. ऊन व खारें पाणी यांनीं त्यावरील लेप झिजतो. कापड ओठांशीं धरून फुंकर घालावी. ती आरपार गेली, किंवा चिरेजवळचें कापड अंगठ्यांनीं ताणतांच फाटूं लागलें, तर ठिगळाचा उपयोग नाहीं. जुन्या धोतरास नवें ठिगळ लाविलें म्हणजे त्याच्याच कडेनें तें फाटतें, हें आपल्या घरांत कोणास सांगावयास नको.

दोऱ्यांच्या बाबतींत तर मुळींच दयामाया नको. या पॉलिएथिलीनच्या तंतूंच्या असतात. वजनाच्या मानानें अतिशय बळकट, पण घर्षणानें व वाळूनें झिजणाऱ्या. तुटलेल्या दोरीस गांठ मारून काम भागवूं नये. गांठीपाशीं तिचें बळ निम्म्याच्या आसपास उतरूं शकतें. शिवाय अधिक भार घेणाऱ्या मधल्या दोऱ्या कालांतरानें लांबतात, बाजूच्या तितक्या लांबत नाहींत. मग पतंग मागें कलून पडूं लागतो. सर्व टोकें एका खिळ्यास अडकवून सारख्या ताणानें मोजलीं कीं फरक दिसतो. दोऱ्या विरलेल्या किंवा खरखरीत दिसल्या तर संपूर्ण संच नवा घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची वस्तु म्हणजे बारावरील सुटकेची कळ. संकटांत ती ढकलतांच पतंगाचा ओढा नाहींसा झाला पाहिजे. अशा कळींकरितां २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झालें, यावरून तिचें महत्त्व ध्यानांत यावें. ती गोड्या पाण्यानें धुवून, वाळू काढून, अंगाचा भार देऊन एका हातानें सोडून पाहावी. तरीही अडखळली तर ती बदलावी. तेलानें तात्पुरती सैल करून मुलाच्या हातीं देऊं नये.

आणखी एक गोष्ट वाचकांच्या नजरेंतून सुटण्याजोगी आहे. माळ्यावर पडून राहिलेली वस्तु नवी राहते असें नाहीं. उष्णतेनें व्हॉल्व्हचा डिंक सुटतो. शिवाय सुमारें २००५ पर्यंतच्या पतंगांची रचनाच अशी होती कीं बार पुढें ढकलला तरी ओढा पुरता कमी होत नसे. त्यानंतरच्या नव्या घडणीच्या पतंगांत तो जवळजवळ नाहींसा करितां येऊं लागला. तेव्हां तसा जुना पतंग कितीही धडधाकट दिसला, तरी शिकाऊ मुलाच्या उपयोगाचा नाहीं.

म्हणून आमचा सल्ला असा: फळी, पंप व शिवण पक्की असल्यास हार्नेस धाकट्यास द्यावा. पतंग त्याच्या शिक्षकांस दाखवावा व त्यांनीं नको म्हटल्यास हुज्जत घालूं नये. बाद झालेला पतंग कोणास दानही देऊं नये, स्वस्तांत विकूंही नये. आपल्या मुलास जें धोक्याचें तें दुसऱ्याच्या मुलास पुण्याचें होत नाहीं. त्याचें कापड कापून पिशव्या व पावसाळी आच्छादनें शिवावीं, म्हणजे काटकसरही साधेल. दोऱ्यांचा खर्च मात्र वडीलधाऱ्यांनीं कुरकुर न करितां करावा. त्यांच्या एका टोकास वारा असतो आणि दुसऱ्या टोकास आपल्या घरांतला मुलगा.