तळघर सजविण्याआधी

आमचे व्यापारी बांधव तळघराचा ताबा घेतात आणि लगेच सुताराला बोलावतात. पहिल्याच पावसात प्लायवूड फुगते, कापडाच्या ताग्यांना कुबट वास लागतो. हा क्रमच उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूस थेंब जमले तर ओल मातीतून येत आहे. ती आतून रंग फासून थांबत नाही. मागचे पाणी रंगच ढकलून देते. बाहेरून शहाबादी लाद्यांचा बॉक्स पाया भरतानाच करावा लागतो. तो केला आहे का, हे सौद्याआधी बिल्डरला विचारावे. (किती जण विचारतात?) जुन्या तळघरात भेगा भरून, उरलेले पाणी खड्ड्यात घेऊन पंपाने उपसावे लागते. मग एक पावसाळा भिंती उघड्याच ठेवाव्यात. तेवढे भाडे अंगावर पडते, हे आम्हास ठाऊक आहे. तरीही सुतार त्यानंतरच बोलवावा.