मुंबई विद्यापीठ : नावं ठेवायला आपलं, सांभाळायला कुणाचं?

परवा डोंबिवलीहून भाचीचा फोन आला. बारावी झालीय, पुढे काय हा घरात रोजचा विषय. म्हणाली, "मामा, बाबा एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं म्हणतायत. फी ऐकून आई गप्पच बसली. पण मुंबई युनिव्हर्सिटीत तरी आता काय राहिलंय? सगळे म्हणतात, नाइलाज असेल तरच जा."

नाइलाज असेल तरच. हे तीन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब झालीय, पण ज्यांच्या घरात यंदा बारावीचं पोर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो, मी विद्यापीठाची वकिली करायला बसलेलो नाही. २०१७ साली काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुरेशी तयारी नसताना एका फटक्यात सगळ्या उत्तरपत्रिका कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. त्या होत्या सतरा लाखांच्या वर. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशात प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी हेलपाटे घालत राहिली आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढावं लागलं. कायदा काय सांगतो? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ म्हणतो की परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावाच. तेव्हा लोकांचा राग खोटा नाही.

पण रागाच्या भरात आपण एक गोष्ट विसरतो. हे विद्यापीठ मुळात कशासाठी होतं आणि कुणाच्या पैशांनी उभं राहिलं?

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवणार कॉलेजं; विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. सरकारनं कायदा केला खरा, पण आज आपण ज्या इमारतींसमोर उभं राहून फोटो काढतो त्यांना पैसा दिला या शहरातल्या व्यापाऱ्यांनी. पदवीदान सभागृहाला कावसजी जहांगीर यांचं नाव आहे. राजाबाई टॉवर आणि त्याखालच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि टॉवरला आईचं नाव दिलं. कापसाच्या तेजीत कमावलेला पैसा होता तो. पुढे बाजार कोसळला, शेठजी स्वतः बुडाले, पण टॉवर १८७८ साली पुरा झाला.

नंतर विद्यापीठ स्वतः शिकवायला लागलं, तेव्हाही विषय शहराच्या गरजेचे निवडले. १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, तो पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली. नगररचनेत आयुष्य घालवलेला माणूस! पुढे तिथेच घुर्ये सरांनी या विषयातल्या पिढ्या घडवल्या. १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, कारण गिरण्यांच्या शहराला रंग आणि कापडाचं रसायन जाणणारी माणसं हवी होती. तेच आपलं माटुंग्याचं यूडीसीटी.

आणि विद्यार्थी कोण? १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. नाइट कॉलेजं निघाली. १९७१ साली विद्यापीठाचं पत्राद्वारे शिक्षण सुरू झालं. शहराचं विद्यापीठ म्हणजे हेच ना? ज्याला पूर्ण वेळ विद्यार्थी असणं परवडत नाही, त्यालाही पदवीपर्यंत नेणारं.

मी त्यातलाच एक. पावणेसातचं लेक्चर, साडेनऊला सुटलं की मशीद बंदरच्या एका गोदामात हिशेब लिहायला. कॉस्टिंगची निम्मी गणितं घाटकोपर ते डोंबिवली गाडीत सुटलीत, दाराशी उभं राहून. आमचा कॅम्पस म्हणजे सेंट्रल रेल्वे! त्या पदवीवर पुढे बँकेची परीक्षा देता आली. घरातला पहिला ग्रॅज्युएट. फी किती होती ते आज सांगितलं तर भाची हसेल.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत या घरातली कर्ती पोरं एकेक करून वेगळी निघतायत. यूडीसीटी २००८ साली स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झालं. सेंट झेवियर्स २०१० साली स्वायत्त झालं, मागोमाग बरीच कॉलेजं झाली. मग समूह विद्यापीठं आली. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही सरकारी कॉलेजं होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. के. सी. आणि एच. आर. एचएसएनसी विद्यापीठात गेली.

मी स्वायत्ततेच्या विरोधात नाही. झेवियर्ससारख्या कॉलेजानं अभ्यासक्रम बदलायचा तर आठशे कॉलेजांची वाट कशाला बघायची? बरोबर आहे. स्वायत्त कॉलेजाची पदवी अजून विद्यापीठाचीच असते, पण पेपर आणि तपासणी ज्याची त्याची. समूह विद्यापीठात गेलेल्या कॉलेजांचा तर तोही धागा तुटला. या कॉलेजांतले अनुभवी प्राध्यापक पूर्वी सगळ्यांसाठी अभ्यासक्रम ठरवायचे, पेपर काढायचे, तपासायचे. चेंबूरच्या किंवा चिपळूणच्या साध्या कॉलेजातल्या पोरालाही तोच पेपर असायचा. एल्फिन्स्टनच्या पोराचे आणि त्याचे मार्क एकाच मापानं मोजले जायचे. गरिबाच्या पोराला ती मोठी ताकद होती. आता ज्यानं त्यानं आपापलं माप काढलंय.

मग मागे राहिलं कोण? मुंबईपासून पालघर आणि खाली सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतली कॉलेजं, ज्यांच्याकडे ना मोठी संस्था ना मोठे माजी विद्यार्थी. मंजूर पदं रिकामी, तासिका तत्त्वावर शिकवणारे मास्तर, महिन्याला किती तास मिळतील त्यावर त्यांचं घर चालणार. रत्नागिरीला उपकेंद्र आहे, पण मोठं काम अडलं की सावंतवाडीच्या पोरानं रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबई गाठायची. चांगलं तेवढं बाहेर काढायचं, उरलेल्याला पैसा आणि माणसं द्यायची नाहीत आणि मग म्हणायचं, "बघा, सरकारी विद्यापीठाचा दर्जा घसरला." बीएसएनएलचं काय झालं, एसटीचं काय चाललंय, हे बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं साधं आहे. रिकामी पदं भरा. परीक्षा विभागात कायमची, प्रशिक्षित माणसं नेमा आणि ४५ दिवसांचा नियम मोडला तर कुणीतरी जबाबदार धरला जाऊ द्या. रत्नागिरी, कल्याण आणि ठाण्याच्या उपकेंद्रांना खरे अधिकार द्या. बाहेर पडलेल्या कॉलेजांतले प्राध्यापक अभ्यास मंडळांवर राहतील अशी सोय करा. आणि नोकरी करणाऱ्या पोरांसाठी कॉलेजांच्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवा. यातलं काहीही अशक्य नाही.

पण हे मागणार कोण? इथे आपलीही चूक कबूल करू. विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधर १० सदस्य निवडून देतात. ही निवडणूक पुढे ढकलत ढकलत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मतदार किती होते? तेरा हजारांच्या आसपास. या विद्यापीठातून लाखो माणसं पदवी घेऊन बाहेर पडलीत हो! आणि नाव नोंदवलं तेरा हजारांनी. मीही त्यात नव्हतो. पदवीच्या सर्टिफिकेटला फ्रेम केली, फॉर्म मात्र भरला नाही. मग राजकीय पक्षांनी सिनेट ताब्यात घेतली म्हणून ओरडायचा आपल्याला काय अधिकार?

भाचीला मी काय सांगितलं? म्हटलं, चांगलं कॉलेज बघ, तिथे मास्तर किती कायम आहेत ते विचार, लायब्ररी बघ आणि बिनधास्त मुंबई युनिव्हर्सिटीत जा. आईला कर्ज काढायला लावू नकोस. नाइलाज म्हणून जाऊ नकोस, हक्क म्हणून जा.

आणि स्वतःला सांगितलं, पुढची नोंदणी सुरू झाली की पहिल्या दिवशी फॉर्म. तुमच्याकडेही ती डिग्री धूळ खात पडली असेल. काढून ठेवा.