व्हिसाची सोडत आणि घराचे तारण

मुलगा संगणक अभियंता झाला की पुढची पायरी अमेरिका, हा हिशेब अनेक व्यापारी घरांत जवळजवळ ठरून गेला आहे. साडेसात लाखांवरील शिक्षणकर्जाला सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात. मग दुकानाचा गाळा किंवा राहते घर पुढे केले जाते. दोन वर्षांत एम.एस. होईल, एच-वन-बी व्हिसा मिळेल आणि डॉलरच्या पगारातून कर्ज फिटेल, अशी मांडणी असते. एरवी हेच कुटुंब समोरच्या पार्टीची पत पाहिल्याशिवाय आठ दिवसांची उधारीही देत नाही.

सोडत हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. 1990 च्या कायद्याने निर्माण झालेल्या या व्हिसाची वार्षिक मर्यादा 65,000 आहे. अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी 20,000. अर्ज त्याहून अधिक आले की संगणक चिठ्ठ्या काढतो. मार्च 2025 च्या फेरीत सुमारे 3 लाख 40 हजार नोंदण्यांतून 1 लाख 20 हजार निवडल्या गेल्या, म्हणजे तिघांपैकी दोघे बाहेर राहिले. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेच्या पदवीधराला शिक्षणानंतर कामासाठी 12 महिने व त्यावर 24 महिने मिळू शकतात, त्यामुळे सोडतीत पुन्हा उतरता येते. कर्जाचे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते.

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 88 लाख रुपये, शुल्क लावले. तेथेच शिकून तेथेच आपला दर्जा बदलून घेणाऱ्यास ते लागू नाही, असा खुलासा पुढच्या महिन्यात झाला. दिलासा खरा, परंतु अधिक पगाराच्या जागांना सोडतीत झुकते माप देण्याचा प्रस्तावही त्याच सुमारास पुढे आला. नवख्या पदवीधराचा पगार बहुधा खालच्या श्रेणीतला असतो, हे सांगावयास नकोच.

जकात वाढली की माल वाट बदलतो, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. माणूस तेथे नेणे महाग झाले की काम इकडे येते. परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी भारतात उघडलेली केंद्रे 2024 पर्यंत 1,700 हून अधिक झाली होती आणि त्यांत सुमारे 19 लाख लोक काम करीत होते. बंगळूर-हैदराबादप्रमाणेच पुण्याच्या हिंजवडी-खराडीतही ही केंद्रे आहेत. तथापि त्यांना मुख्यतः चार-पाच वर्षे काम केलेली माणसे हवी असतात. नवख्यांच्या वाट्याचे प्राथमिक काम आता यंत्रेच उरकू लागली आहेत आणि मोठ्या सेवा-कंपन्यांची महाविद्यालयांतील घाऊक भरतीही पूर्वीसारखी राहिलेली नाही.

म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकच आकडेमोड करावी: मुलगा परत आला आणि पुण्यात नोकरीस लागला, तर त्या पगारातून हप्ता जाईल काय? जात नसेल, तर विद्यापीठ स्वस्तातले निवडावे, अथवा दोन वर्षे येथे काम करून मग जावे.

काही घरांत तारणाची गोष्ट मुलाच्या कानी घातली जात नाही. अभ्यासात त्याचे मन लागावे, ही भावना त्यामागे असते. पेढीतल्या भागीदारापासून मात्र कोणी खातेवही लपवीत नाही. व्हिसा मिळाल्यावरही नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यास किंवा परतण्यास सामान्यतः 60 दिवसच मिळतात. घर गहाण असल्याचे त्या दिवसांत प्रथमच कळण्यापेक्षा विमानात बसण्यापूर्वी कळलेले बरे.