उरलेलं काम म्हणे प्लॅनप्रमाणे होईल!

'घर पहावं बांधून, लग्न पहावं करून' असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यात 'सॉफ्टवेअर पहावं करून' एवढंच घालायचं राहिलं.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रोजेक्ट. कंपनीचं नाव राहू द्या. बजेट ४० लाख. सहा महिन्यांनी हिशेब मांडला तर खर्च झालेला २० लाख आणि पूर्ण झालेलं काम, प्लॅनमधल्या दराने, १२ लाखांचं. म्हणजे रुपयामागे ६० पैशांचं काम. मग शेवटी एकूण खर्च किती होणार? या अंदाजाला 'एस्टिमेट ॲट कम्प्लीशन' म्हणतात आणि तो काढायची सूत्रं एकाहून जास्त आहेत. खरी मेख इथेच आहे!

पहिलं सूत्र: झालेला खर्च अधिक उरलेल्या कामाचं मूळ बजेट. २० + २८ = ४८ लाख.
दुसरं: एकूण बजेट भागिले आजवरची कार्यक्षमता. ४० ÷ ०.६ = जवळजवळ ६७ लाख.

आमच्या साहेबांनी अर्थातच ४८ लाख वर कळवले. मी विचारलं, "सर, आजवर ६० पैसे, आणि उद्यापासून एकदम १०० पैसे? कसं काय?" उत्तर आलं, "जरा पॉझिटिव्ह विचार कर रे!"

आता पहिलं सूत्र मुळातच चूक आहे असं नाही. सर्व्हर दोन महिने उशिरा आला, आता आलाय, पुन्हा तसं होणार नाही, अशा वेळी ते वापरा की. पण मग कारण कागदावर लिहा आणि ते संपलंय हेही दाखवा. आमच्याकडे ग्राहक दर सोमवारी स्क्रीन बदलून मागत होता, आणि पुढेही मागणारच होता. तिसरा मार्गही आहे: काम करणाऱ्यांनाच बसवून उरलेलं काम नव्याने मोजायचं. पण तो कुणालाच नको असतो, कारण खरा आकडा बाहेर येतो ना!

हे फक्त आयटीत चालतं असंही नाही. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. कारणं अनेक असतील, पण पाण्याची वाट शेतकऱ्यानेच पाहिली. अंदाज चुकवणारा एक आणि भोगणारा भलताच, हे सगळीकडे सारखंच.

आमच्याकडे भोगलं टीमने. ४८ आणि ६७ मधली दरी आम्ही आमच्या शनिवार-रविवारांनी भरली. एका मित्राने मुलीचं बारसं दोन तासांत उरकलं आणि तो ऑफिस गाठून बसला. या जादा तासांचा पैसा कुणाला मिळाला नाही, त्यामुळे ते खर्चात धरलेच गेले नाहीत. प्रोजेक्ट ५१ लाखांत 'संपला', साहेबांचं कौतुक झालं.

आणि खरा संताप पुढेच आहे. तसल्याच पुढच्या प्रोजेक्टचं बजेट ठरवताना आधार कुठला घेतला? हेच ५१ लाख!

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी ईएसीचा आकडा सांगितला, तर आकड्यावर वाद घालू नका. एवढंच विचारा: सूत्र कुठलं वापरलंत, आणि का? आणि रविवार कुणाचे धरलेत?