माणूस बदलला, पण वही बंदच राहिली!



परवाच्या बॅचमध्ये पारोळ्याच्या एका पोराने विचारलं, "सर, पारदर्शकता वगैरे मोठ्या कंपन्यांचे विषय. माझं दहा बाय बाराचं दुकान. मला काय घेणं?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. सुरुवात आपल्याच गावापासून करू.

भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था, म्हणजे बीएचआर. मुख्यालय जळगावात, शाखा अनेक राज्यांत. लोकांनी मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी पैसे ठेवले. मुदत संपली, पैसे मिळेनात. 2015 मध्ये अध्यक्ष आणि संचालकांना अटक झाली. त्याच वर्षी कारभार आवरायला अवसायक नेमला. लोकांना वाटलं, आता तरी पैसे सुटतील.

नोव्हेंबर 2020 मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे टाकले, आणि यावेळी आरोप होता खुद्द अवसायकाच्या कारभारावर! हवालदिल ठेवीदारांच्या पावत्या कमी भावात विकत घ्यायच्या आणि मोठ्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीला वळत्या करायच्या, असा तो आरोप. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण धंदेवाल्याने घ्यायचा धडा आजच घेता येतो. माणूस बदलला, वही मात्र बंदच राहिली. ठेवीदाराच्या हातात पावती होती, पण पैसा कुठे फिरतोय हे बघायची सोय नव्हती. जिथे हिशोब एकालाच दिसतो, तिथे चांगल्या माणसाचाही पाय घसरू शकतो.

आता माझी गोष्ट. सुरुवातीची तीन वर्षं मीही दोन वह्या ठेवल्या. कच्ची खरी, पक्की सरकारला दाखवायची. मला वाटायचं मी लई हुशार. मग दुकान वाढवायला कर्ज मागायला गेलो. मॅनेजरने रिटर्न बघितले आणि म्हणाले, "भाऊ, कागदावर तर तुमचा धंदा कर्ज झेपण्याएवढा नाहीच." काय बोलणार? कच्ची वही दाखवू शकत नव्हतो. जागा हातची गेली. चूक बँकेची नव्हती, माझी होती.

हैदराबादच्या सत्यमचं उलटं होतं. त्यांनी नफा फुगवून दाखवला. जानेवारी 2009 मध्ये अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, की हिशोबात दाखवलेली 5,040 कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. त्याच पत्रात होतं, की फरक सुरुवातीला किरकोळ होता, दरवर्षी वाढत गेला. मी कमी दाखवलं, त्यांनी जास्त. पण रोग एकच.

तुम्ही म्हणाल, पक्कं बिल दिलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. खरंय. माझीही काही गेली. पण बँक, होलसेलर आणि भागीदार विश्वास ठेवतात तो पक्क्या आकड्यांवर.

म्हणून उद्यापासून चार गोष्टी करा:

1. धंद्याचं बँक खातं वेगळं. घरखर्चाला पैसे घेतले तर "मालकाची उचल" म्हणून लिहा. गल्ल्यातून परस्पर काही नाही.

2. भागीदार असेल तर महिन्याला एकदा समोरासमोर बसून वही बघा. सख्खा भाऊ असला तरी!

3. माल घेणारा आणि पैसे देणारा माणूस एकच नको. दोघंच असाल तर एकाचं काम दुसऱ्याने तपासा.

4. धंद्याची शिल्लक ठेवताना लक्षात घ्या: बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. एखादा टक्का जास्त व्याज मिळत असेल, तर ते का मिळतंय हे आधी विचारा.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं: आज वही उघडी ठेवायला तुला एक तास लागेल. दहा वर्षांनी उघडायला गेलास, तर पोलीस लागतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आजचा गल्ला आजच मोजा!